आजारपणाचा खर्च कोणाच्या नावावर?

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या शाळा, बँका आणि पंचायत समित्यांच्या कचेऱ्यांत एकच लगबग सुरू होते. विम्याच्या हप्त्याची पावती लावा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, नाहीतर पगारातून जास्त कर कापला जाईल. याच दिवसांत घाटाखाली हरभरा सोंगणीला आलेला असतो. तिथल्या बायांच्या बैठकीतही पुष्कळदा आजारपणाच्या खर्चाचाच विषय निघतो. फक्त तिथे पावत्या नसतात. गहाण पडलेली पोत असते, बचत गटातून उचललेले कर्ज असते आणि बुडालेले रोज असतात.

वैद्यकीय खर्चावरची आयकरातली सवलत हा पगारदारांचा, त्यातही पुरुषांचा विषय, असे समजून आपण स्त्री-संघटनांनी त्याकडे आजवर फारसे पाहिलेले नाही. मला वाटते, हे बरोबर नाही. आजारपणाचा खर्च म्हणजे काय, तो कोणी केला आणि कोणासाठी केला तर सरकार तो मानते, याची व्याख्या या कायद्यात लिहिलेली आहे. ती वाचली की बायकांनी आजारपणापायी जे मोजलेले असते ते शासनाच्या हिशेबात कुठेच नाही, हे स्पष्ट दिसते. हा लेख त्यासाठी आहे.

कायदा काय देतो?

आधी माहिती घेऊ, कारण आपल्यातल्या नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनाही ती पुरती नसते. घरातली करविवरणपत्रे बहुतेक ठिकाणी नवरे नाहीतर भाऊ भरतात आणि बाई सही करते.

१९८६ साली सरकारी विमा कंपन्यांची मेडिक्लेम पॉलिसी आली. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ८० डी हे कलम घातले. स्वतः, नवरा किंवा बायको आणि अवलंबून असलेली मुले यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरला तर वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा होते. आई-वडिलांचा हप्ता भरला तर आणखी २५ हजार आणि ते साठीच्या पुढचे असतील तर ५० हजार. ज्या वृद्धांचा विमाच नाही, त्यांच्या उपचाराचा खर्चही ५० हजारांपर्यंत धरला जातो. मात्र तो रोखीने केलेला चालत नाही. दुसरे कलम ८० डीडीबी. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, थॅलसेमिया, हिमोफिलिया अशा ठरावीक आजारांवर प्रत्यक्ष झालेला खर्च ४० हजारांपर्यंत आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर एक लाखापर्यंत वजा होतो. तिसरे ८० डीडी. घरात अवलंबून असलेली अपंग व्यक्ती असेल तर ७५ हजार, अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाख. २०२५ साली संसदेने नवा आयकर कायदा केला आणि १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा पहिला दिवस ठरला. त्यात कलमांचे आकडे बदलले, सांगाडा तोच ठेवला. लोकांच्या तोंडी जुने आकडे आहेत म्हणून मी तेच वापरते.

या सवलती फक्त जुन्या करपद्धतीत मिळतात. २०२० च्या अर्थसंकल्पात कमी दराची नवी पद्धत आली आणि २०२३-२४ पासून आपण वेगळे काही सांगितले नाही तर तीच लागू होते. त्या पद्धतीत विम्याचा हप्ता नाही, आजाराचा खर्च नाही, अपंग मुलाचा सांभाळही नाही. काहीच वजा होत नाही. नोकरी करणाऱ्या बाईने दरवर्षी दोन्ही पद्धतींनी हिशेब मांडून बघावा आणि तो स्वतः बघावा.

एक गोष्ट मात्र या कायद्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. लग्न झालेल्या मुलीने माहेरच्या आई-वडिलांच्या विम्याचा हप्ता भरला तर ८० डी खाली तिला सवलत मिळते. ते तिच्यावर अवलंबून असले पाहिजेत, अशीही अट नाही. ‘लेक परक्याची’ म्हणणाऱ्या समाजात कायद्याने मुलीला मुलाइतकेच आई-वडिलांचे अपत्य मानले, ही साधी गोष्ट नाही. किती नोकरदार मुलींना हे माहीत आहे आणि माहीत असलेल्यांपैकी किती जणींना सासरी बसून माहेरचा हप्ता भरता येतो, हा प्रश्न वेगळा.

सासू-सासरे कायद्याला दिसत नाहीत

आता दुसरी बाजू. ८० डी मध्ये ‘आई-वडील’ म्हणजे स्वतःचे आई-वडील. सासू-सासरे त्यात येत नाहीत. ८० डीडीबी आणि ८० डीडी मध्ये अवलंबून असणारे म्हणजे नवरा-बायको, मुले, आई-वडील, भाऊ आणि बहिणी. सासू-सासरे तिथेही नाहीत.

समजा एक शिक्षिका आहे. नवऱ्याची कोरडवाहू शेती. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून नवऱ्याच्या नावावर सवलत घेण्याचा प्रश्नच नाही. सासऱ्यांचे ऑपरेशन तिच्या पगारातून झाले. कर ती भरते, खर्च तिने केला, रात्री दवाखान्यात तीच जागली. पण कायद्याच्या लेखी तिने कोणासाठीच काही केलेले नाही.

त्याहून अवघड परिस्थिती विधवेची. आमचा जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेला आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलडाणा होता. नवऱ्यामागे नोकरीला लागलेली आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना धरून राहिलेली बाई आपल्याकडे गावोगाव भेटते. नवरा असता आणि त्याला करपात्र मिळकत असती, तर हाच खर्च ‘आई-वडिलांचा खर्च’ म्हणून त्याच्या नावावर वजा झाला असता. तो नाही, म्हणून ती नाती कायद्यातून गळाली. सुनेने सासू-सासऱ्यांचे केले पाहिजे, हे समाज तिला उठता-बसता ऐकवतो. तिने केले तेव्हा मात्र ते मोजायला कोणी नाही.

ही व्याख्या बदलली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एवढीच मागणी करून थांबावे असे मला वाटत नाही. का, ते पुढे सांगते.

खारपाणपट्ट्यातले गणित

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. आमच्याकडे घाटाखालच्या संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांतल्या कित्येक गावांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. मूत्रपिंडाच्या आजाराने माणसे जातात, ही तक्रार इथे वर्षानुवर्षे आहे आणि गावकरी तिचा संबंध या पाण्याशी जोडत आले आहेत.

मूत्रपिंड निकामी होणे हा आजार ८० डीडीबीच्या यादीत आहे. म्हणजे कागदावर हे कलम आमच्या भागासाठीच केले आहे असे वाटावे. प्रत्यक्षात काय होते? सवलतीसाठी मूत्रपिंडविकार किंवा मूत्ररोग या विषयातली उच्च पदवी घेतलेल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्यासाठी घाटाखालच्या रुग्णाला बहुधा अकोला, संभाजीनगर नाहीतर नागपूर गाठावे लागते. चिठ्ठी मिळाली तरी ती लावायची कुठे? घरात कोणी आयकर भरत नाही. शेतमजुराच्या, अल्पभूधारकाच्या घरात या कलमाची किंमत शून्य रुपये आहे. ३० टक्के कर भरणाऱ्याच्या घरात याच ४० हजारांच्या वजावटीने, अधिभार धरून, १२ हजार ४८० रुपये वाचतात. ५ टक्के कर भरणाऱ्याचे वाचतात २ हजार ८०. आजार एकच, सवलत उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने.

उपचार मोफत मिळण्याची सोय नाही, असे मी म्हणत नाही. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि तिची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे. या योजनांसाठी लोकांनी भांडलेले आहे आणि त्यांचा उपयोग होतो. पण मोफत झाले ते मशीनवरचे चार तास. त्या चार तासांसाठी पहाटे उठून स्वयंपाक करणारी, रुग्णाला एसटीत चढवणारी, दिवसभर वऱ्हांड्यात बसणारी आणि संध्याकाळी परत आणणारी बाई कुठल्याच योजनेत नाही.

आमच्या एका बैठकीत अशा एका बाईने विचारले, “त्याईचं डायलिसिस फुकट होते, पन मायी मजुरी बुडते थे कोन्या कागदावर लिवतेत?” आपण तिच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात काढू. डायलिसिस आठवड्यातून दोन वेळा असेल तर वर्षाचे १०४ दिवस जातात. तीन वेळा असेल तर १५६. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर रोजी ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने सोबत करणाऱ्या बाईची वर्षाची बुडीत मजुरी दोन वेळांसाठी ३२ हजार ४४८ रुपये आणि तीन वेळांसाठी ४८ हजार ६७२ रुपये होते. आयकर कायदा ज्या आजारखर्चाची ४० हजारांपर्यंत दखल घेतो, त्याच्या जवळपास किंवा त्याहून जास्त रक्कम ही बाई दरवर्षी आपल्या अंगातून मोजते. कारण कायद्याला खर्च म्हणजे बिल. जिथे बिल नाही तिथे खर्च नाही.

घरात बसून केलेल्या सेवेचे तर बोलायलाच नको. केंद्र सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी १३७ मिनिटे घालवतात, पुरुष ७५ मिनिटे. घरकामाचे आकडे २८९ आणि ८८ मिनिटे आहेत. हे सरकारचे स्वतःचे आकडे आहेत. ते एका खात्याच्या अहवालात छापले जातात आणि दुसऱ्या खात्याच्या धोरणात उतरत नाहीत.

मजुरीच्याही पलीकडची गोष्ट आहे. मूत्रपिंड बदलायची वेळ येते तेव्हा देणारी बहुधा बायको किंवा आई असते. देशात १९९५ ते २०२१ या काळात जी ३६ हजारांहून अधिक अवयव-प्रत्यारोपणे झाली, त्यांतली २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झाली, स्त्रियांवर ७ हजारांहूनही कमी. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. दिल्यानंतर तिचे कामाचे दिवस जातात, जड ओझे उचलायला बंदी येते, आयुष्यभर तपासण्या कराव्या लागतात. पण ती कायद्याच्या यादीतली रुग्ण नाही, म्हणून ८० डीडीबी तिला ओळखत नाही.

सवलत म्हणजे सरकारचाच खर्च

काही मैत्रिणी म्हणतील, जिला करच भरायचा नाही तिला करसवलत मिळाली नाही तर त्यात अन्याय कसला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

कराची सवलत म्हणजे सरकारने सोडून दिलेला पैसा. सोडून दिलेला पैसा आणि खर्च केलेला पैसा, तिजोरीच्या दृष्टीने सारखेच. हे मी म्हणते असे नाही. २००६-०७ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत सवलतींपायी बुडालेल्या महसुलाचा तक्ता दिला जातो आणि त्यात आरोग्यविम्याच्या हप्त्यावरची सवलतही असते. म्हणजे आरोग्यावर सरकार दोन दारांनी खर्च करते. पुढच्या दारावर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, औषधांचा साठा. तिथे ‘निधी नाही’ ही पाटी कायम. मागच्या दाराने करदात्याला त्याच्या उत्पन्नाप्रमाणे परतावा. तिथे रांग नाही, दाखला नाही, अंगठा नाही.

शिवाय मजूर बाई कर भरत नाही, हेही खरे नाही. ती आयकर भरत नाही, पण मेडिकलच्या दुकानात गोळ्यांची पट्टी घेते तेव्हा त्यात जीएसटी भरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि काही जीवनरक्षक औषधांवरचा पूर्ण गेला, हे चांगले झाले. पण त्याच दिवशी वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर शून्यावर आणला गेला. म्हणजे विमा विकत घेऊ शकणाऱ्याला शून्य टक्के आणि साधी गोळी विकत घेणारीला ५ टक्के. आपण २०१७-१८ साली सॅनिटरी पॅडवरच्या १२ टक्के जीएसटीबद्दल आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. करांचा विषय बायकांचा असतो, हे तेव्हा सिद्ध झाले आहे. मग तो पॅडपाशीच का थांबावा?

सवलतीच्या अटीही पाहा. हप्ता रोखीने भरलेला चालत नाही. वृद्धांच्या उपचाराचा खर्च रोखीने चालत नाही. हे नियम लबाडी रोखायला केले असतील, पण बायकांचा पैसा असतो तो रोखच. पोत गहाण टाकून आलेला, गटातून उचललेला, डब्यात साठवलेला. बँकेतून गेलेला पैसा खरा आणि बाईच्या पदरातून सुटलेला खोटा, असा त्याचा अर्थ होतो.

मग आपली मागणी काय असावी?

‘सवलत वाढवा’ ही आपली मुख्य मागणी असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सवलत २५ हजारांची ५० हजार झाली तरी घाटाखालच्या बाईपर्यंत तिचा एक रुपया पोचणार नाही. दुसरे असे की पगारदारांसाठीही ही सवलत आटत चालली आहे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही, म्हणून बहुतेक शिक्षिका, परिचारिका, कारकून बायांना ८० डीचा उपयोगच उरणार नाही. कर वाचला याचा त्यांना आनंद होईल आणि व्हावा. पण घरात मोठे आजारपण आले की वाचलेला कर एका रात्रीच्या खाटभाड्यात संपतो, हेही त्यांना माहीत आहे. म्हणून शिक्षिका आणि शेतमजूर बाई यांनी एकत्र येऊन बोलावे, अशी हीच वेळ आहे. सवलतींतून वाचणारा पैसा सार्वजनिक दवाखान्यात किती आला, हे दोघींनी मिळून विचारायचे.

माझ्या मते मागण्या अशा असाव्यात.

पहिली, दीर्घ आजारात रुग्णासोबत जाणाऱ्या माणसाला बुडीत मजुरी मिळावी आणि तिचा दर रोजगार हमीपेक्षा कमी नसावा. ही कल्पना नवीन नाही. कुपोषित बालक पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल होते तेव्हा आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. मातृवंदना योजनेची रक्कमही बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणूनच दिली जाते. जे तत्त्व बाळंतपणाला आणि बालकाला मान्य आहे, ते डायलिसिस आणि कर्करोगाला मान्य करायला काय हरकत आहे? मात्र ही मजुरी ‘सोबत करणाऱ्या व्यक्तीला’ मिळावी, ‘बाईला’ असे लिहू नये. नाहीतर सेवा हे बाईचेच काम, यावर आपणच सरकारी शिक्का मारून घेऊ. पुरुषही सोबत जाऊ लागले तर ते आपल्याला हवेच आहे.

दुसरी, खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक तालुक्याला डायलिसिसची सोय आणि प्रत्येक गावाला पिण्याचे गोडे पाणी. आजार टळला तर खर्चाचा प्रश्नच येत नाही आणि पाणी वाहणारीही बाईच आहे.

तिसरी, औषधांवरचा जीएसटी विम्याच्या हप्त्याप्रमाणेच शून्यावर आणावा.

चौथी, जोवर या सवलती कायद्यात आहेत तोवर ‘अवलंबून’ या शब्दात सासू-सासरे यावेत. खर्च प्रत्यक्ष जो करतो त्याच्या नावावर तो धरला जावा. विधवांच्या बाबतीत तर यात दुमत होऊ नये.

पाचवी, या सवलतींचा लाभ किती स्त्रियांनी घेतला आणि किती पुरुषांनी, हे महसुलाच्या तक्त्यात वेगळे दाखवावे. २०११-१२ पर्यंत स्त्रियांना करमुक्त उत्पन्नाची मर्यादा थोडी जास्त होती. २०१२-१३ पासून ती पुरुषांइतकीच झाली. तेव्हापासून आयकराच्या चर्चेत ‘स्त्री’ हा शब्द क्वचितच येतो.

या मागण्या नुसत्या लिहून भागणार नाही, हिशेब लागेल. म्हणून सर्व गटांना एक सुचवते. आपापल्या गावात दीर्घ आजाराचे रुग्ण असलेल्या घरांत एक साधी वही ठेवा. दवाखान्यात कोण सोबत गेले, किती दिवस गेले, किती मजुरी बुडाली, पैसे कुठून आणले, एवढेच चार रकाने. लिहिता न येणाऱ्या बाईसाठी शाळेतली मुलगी लिहील. सहा महिने वही भरली की त्या घेऊन आपण आधी ग्रामसभेत, मग तहसीलवर आणि पुढे आमदार-खासदारांकडे जाऊ. घाटाखालच्या काही गटांना आम्ही हे सुचवले आहे. घाटावरच्या आणि इतर जिल्ह्यांतल्या गटांनीही यावर चर्चा करावी, ज्या मागण्या पटत नाहीत त्याबद्दल मोकळेपणाने लिहावे आणि वहीत काय निघाले ते पुढच्या अंकासाठी कळवावे.